कोण बोलते, कोणाशी: प्रेमकवितेच्या अभ्यासाची प्रस्तावना

गोदावरीच्या काठी एक बाई एका धार्मिक गृहस्थाला दिलासा देते आहे. त्याला भेवडावणारे कुत्रे आता उरलेले नाही, तेव्हा त्याने निर्धास्त हिंडावे, असे ती सांगते. ते कुत्रे मेले कसे, हेही सांगते: काठावरच्या दाट झाडीत मुक्कामाला असलेल्या सिंहाने त्याला मारले. गाथा एवढीच. वरवर पाहिले तर ती त्याला मोकळीक देते आहे. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकल्यावर त्या बाजूला पुन्हा पाऊल टाकील कसा? 'या' म्हणता म्हणता तिने त्याला येण्याची बंदी केली आहे. का केली, ते गाथेत नाही; ते टीकाकार सांगतात. ती झाडी म्हणजे तिच्या आणि तिच्या प्रियकराच्या भेटीची जागा, आणि हा गृहस्थ फुले तोडायला तिथे येऊन त्यांचा एकान्त मोडतो. प्रियकराचा, भेटीचा, प्रेमाचा एकही शब्द न उच्चारता ही प्रेमकविता झाली आहे.

ही गाथा हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'तली. परंपरा हालाला इसवी सनाच्या पहिल्या शतकात ठेवते. संग्रहात पुढेही काही शतके भर पडत गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे मराठीची पूर्वज. भूमी गोदावरीची, तापीची, विंध्याच्या पायथ्याची. राजधानी प्रतिष्ठान, आजचे पैठण. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि कवितेचा आत्मा सुचवलेल्या अर्थात असतो हा सिद्धान्त मांडला, तेव्हा पहिले उदाहरण म्हणून त्याने हीच गाथा घेतली. अभिनवगुप्ताने तिचा विस्तार केला, मम्मटाने ती पुन्हा घेतली आणि ध्वनीचा सिद्धान्तच अमान्य असलेल्या महिमभट्टाने आपले खंडन करताना तीच समोर ठेवली. महिमभट्टाचे म्हणणे असे की इथे वेगळी अशी कोणतीही शब्दशक्ती नाही. धूर पाहून अग्नी ओळखावा तसे हे साधे अनुमान आहे. गोदाकाठच्या एका अनाम बाईचे चतुर बोलणे काश्मीरच्या पंडितांनी शतकानुशतके चर्चेत ठेवले, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. त्याहून अधिक म्हणजे, प्रेमकवितेकडे कसे पाहावे याचा धडा या बाईकडूनच घ्यावा.

या अभ्यासात नव्याने येणारा वाचक बहुधा अलंकारांची यादी हातात घेऊन येतो. मुखाला चंद्राची उपमा, डोळ्यांना कमळाची, चालीला हंसाची. मग रूपक, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती. ही यादी खोटी नाही, आणि पुढे तिचे कामही पडते. पण तिच्यापासून सुरुवात केली तर प्रेमकविता दागिन्यांच्या पेटीसारखी दिसू लागते: एकेक नग उचलावा, नाव सांगावे, परत ठेवावा. माझे सांगणे असे आहे की प्रेमकवितेची मूळ युक्ती उपमेच्याही आधी येते. इथे कोण बोलते आहे, कोणाशी बोलते आहे, आणि आणखी कोण ऐकते आहे, हे ठरवणे ही ती युक्ती. हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज उपमेचे काम काय तेही कळत नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शब्दांपलीकडचा अर्थ कशाकशाने सुचतो याची गणना केली आहे. तिच्यात सर्वांत आधी बोलणारा येतो, मग ज्याला सांगायचे तो, मग आवाजातला हेल. जवळ उभा असलेला तिसरा माणूस, प्रसंग, जागा, वेळ हे सारे त्या गणनेत आहे. हजार वर्षांपूर्वीच्या या गणनेत तिसऱ्या माणसालाही जागा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तो तिसरा माणूस काय करतो ते दुसऱ्या एका प्रसिद्ध गाथेत पाहता येते. घरात वाटसरू मुक्कामाला आला आहे. सून त्याला दिवसाउजेडी दाखवून ठेवते की सासू कुठे निजते आणि आपण कुठे निजतो. कारणही देते: त्याला रात्री दिसत नाही, तेव्हा अंधारात चुकून त्याने त्यांच्या अंथरुणावर येऊन पडू नये. एकच वाक्य दोन कानांवर पडते. सासूच्या कानाला ती मर्यादेची ताकीद ऐकू येते. वाटसरूच्या कानाला रस्ता कळतो. सासू जवळपास नसती तर ही गाथा जन्माला आलीच नसती, कारण मग सुनेला आडून बोलण्याची गरज नव्हती. प्रेमकवितेतली बहुतेक कौशल्ये अशा पहाऱ्यातून आलेली आहेत. गाव लहान, घरे एकमेकांना लागून, सासू-नणंद-दीर डोळ्यांसमोर. अशा ठिकाणी मनातले बोलायचे तर ते दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलल्यासारखे बोलावे लागते. वक्रोक्ती, अन्योक्ती, श्लेष ही नावे पंडितांनी दिली. गरज आधीपासून होती.

गाथा हे वृत्तही या कामाला योग्य आहे. पहिल्या अर्धात 30 मात्रा, दुसऱ्यात 27. सगळ्या मिळून 57. एवढ्या जागेत गोष्ट सांगता येत नाही. गोष्टीतला एक क्षण, एक वाक्य किंवा एक हालचाल तेवढी बसते, आणि मागचे-पुढचे सगळे वाचकाने रचायचे असते. टीकाकारांनी ते रचले. गंगाधरासारखा टीकाकार बहुतेक गाथांच्या आधी एक छोटी अवतरणिका देतो: दूती नायकाला सांगते, सखी नायिकेची समजूत घालते, नायिका परपुरुषाला ऐकू जाईल अशा बेताने बोलते. ही अवतरणिका मूळ गाथेत नसते. ती टीकाकाराने गाथेसमोर मांडलेली रंगभूमी असते, आणि टीकाकार बदलला की रंगभूमीही बदलू शकते.

अवतरणिका बदलल्याने कविता किती बदलते याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे बगळ्याची गाथा. कमळाच्या पानावर एक बगळी अगदी निश्चल बसलेली आहे. पाचूच्या स्वच्छ ताटात शंखाची शिंपली ठेवावी तशी ती शोभते आहे, आणि कोणीतरी कोणाला तरी ते पाहायला सांगते आहे. उपमा शोधणारा वाचक इथेच थांबेल: हिरव्यावर पांढरे, उत्तम. पण बगळी इतकी निश्चल का? कारण तिला भीती नाही. भीती नाही, कारण आसपास माणूस नाही. म्हणजे ही जागा निर्जन आहे. आता बोलणारी कोण ते ठरवा. ती नायिका असून प्रियकराला हे दाखवत असेल तर ते आमंत्रण आहे: इथे आपल्याला कोणी पाहणार नाही. पण भेटीची वेळ टळून गेली असेल, आणि तो 'मी येऊन गेलो, तूच नव्हतीस' असे म्हणत असेल, तर हेच वाक्य उलटतपासणी होते: तू आला असतास तर ही बगळी उडाली नसती का? एका वाचनात ओढ आहे, दुसऱ्यात रुसवा. मम्मटाने हे दोन्ही अर्थ नोंदले आहेत. शब्द तेच, उपमा तीच. बदलला तो फक्त प्रसंग. उपमेचे कामही आता कळते. शंखाच्या शिंपलीत जीव नसतो, ती हलूच शकत नाही. सौंदर्यासाठी आलेली वाटणारी उपमा खरे म्हणजे निश्चलपणाचा पुरावा म्हणून आली आहे.

शेतीची माहिती नसेल तर काही गाथा बंदच राहतात, आणि इथे मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे. एका गाथेत भाताची शेते पिकून पांढरी पडू लागली म्हणून एक मुलगी खाली मान घालून रडते आहे. दुसरी तिला विचारते, रडतेस कशाला? तागाचे रान बघ, हरताळ फासलेल्या नटीच्या तोंडासारखे पिवळे झाले आहे. ताग फुलला की शेत पिवळेधमक दिसते आणि पीक पुरुषभर उंच वाढलेले असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला टीकेची गरज पडत नाही. भात कापणीला आले म्हणजे लपण्याची जागा गेली. ताग फुलला म्हणजे नवी जागा तयार झाली. दुसऱ्या गाथेत कापसाच्या शेताची नांगरणी सुरू व्हायची आहे. शुभ दिवस आहे, नांगराची पूजा चालली आहे, आणि ती करणाऱ्या बाईचे हात थरथरताहेत. नांगराकडे पाहताना तिला उद्याचे उंच वाढलेले कापसाचे रान आणि त्यातली भेट दिसते आहे. नायिकेची शरीरस्थिती सांगून भाव सुचवणे याला शास्त्रात अनुभाव आणि सात्त्विक भाव म्हणतात. कंप हा आठ सात्त्विक भावांपैकी एक. पण ही नावे घेण्याआधी नांगर, कुंकू आणि थरथरणारा हात यांच्याकडे पुरेसा वेळ पाहत राहावे असे मी सुचवीन.

तमिळ संघम् साहित्यातल्या 'अकम्' कविता वाचणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. तिथे डोंगर, कुरण, शेती, समुद्रकिनारा आणि रखरखीत माळ अशा पाच भूमी प्रेमाच्या पाच अवस्थांना बांधलेल्या आहेत. बोलणारे नायक, नायिका, सखी, दाई असे ठरलेले, आणि अंतरंगाच्या या कवितांमध्ये कोणाचे नाव घ्यायचे नाही असा संकेत. महाराष्ट्री गाथा आणि तमिळ अकम् यांचे जवळचे नाते जॉर्ज हार्ट यांनी 1975च्या आपल्या ग्रंथात दाखवले. या तुलनेत मराठी अभ्यासकाने जरूर पडावे. दख्खनच्या पठाराची एक बाजू उत्तरेकडे तशी दुसरी दक्षिणेकडे उघडते.

विरहाच्या गाथांमध्ये मात्र अतिशयोक्ती पुढे येते. नवरा प्रवासाला गेला आहे. सातवाहनकाळी घाटातून आणि बंदरांतून चालणारा व्यापार लक्षात घेतला, पैठण-तगरचा माल भडोचपर्यंत कसा जात असे हे आठवले, की 'पथिक' आणि 'पथिकाची घरधनीण' ही पात्रे नुसत्या संकेतातून आलेली नाहीत हे कळते. एक गृहिणी नवऱ्याच्या जाण्याचे दिवस भिंतीवर रेघांनी मोजते. पण तो गेला त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आतच, 'आज गेला, आज गेला' असे मोजत तिने सारी भिंत रेघांनी भरून टाकली आहे. दुसऱ्या गाथेत मुदत भरत आली आहे, आणि तो दिवस उजाडला तरी तो आला नाही तर हिचे काय होईल या भीतीने सख्याच भिंतीवरच्या दोन-तीन रेघा चोरून पुसून टाकतात. पहिल्या गाथेत अतिशयोक्ती आहे. दुसरीत मोजमाप अगदी खरे आहे. खोटेपणा करतात त्या मैत्रिणी, आणि त्यांच्या त्या खोटेपणात जेवढी माया आहे तेवढी मला पहिल्या गाथेतल्या भरलेल्या भिंतीत सापडत नाही. अलंकार मोठा म्हणून कविता मोठी होत नाही, हे या दोन गाथा एकमेकींशेजारी ठेवून पाहावे.

कावळ्याचेही असेच. कावळा पाहुण्याची वर्दी देतो, म्हणून पथिकाची बायको त्याला घास घालते. ती इतकी वाळली आहे की हात खाली करताच कंकण गळून पडते आणि घास नेमका त्याच्या मधोमध राहतो. कावळ्याला वाटते हा फासा आहे. तो घासाला शिवतच नाही. तिचे रोडावणे आपल्याला कोणी सांगत नाही. ते कावळ्याच्या गैरसमजातून कळते, आणि शकुन मिळण्याची शेवटची आशाही त्याच रोडावण्याने हिरावून घेतली जाते. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात उदाहरणासाठी घेतलेल्या एका अपभ्रंश दोह्यात ही कल्पना पुढे गेली आहे: कावळा उडवताना तिला अचानक प्रियकर दिसतो, अर्ध्या बांगड्या विरहाने आधीच सैल झालेल्या म्हणून जमिनीवर पडतात, आणि अर्ध्या आनंदाने हात फुलल्यामुळे तडकतात. चमत्कृती म्हणून हा दोहा थोर आहे. तरी मी कावळ्याच्या गाथेकडेच परत जाईन.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. प्रत्येक गाथेत गुपित असते असे मानून बसलो तर आपणही टीकाकारांच्या अतिउत्साहात सापडतो. एक गाथा दीर्घ सहवासाबद्दल आहे. सुखदुःखे बरोबर भोगून ज्यांचे प्रेम काळाने मुरले आहे, त्या जोडप्यातले जे आधी मरते ते जगते, आणि मागे राहते ते मरते. इथे लपवाछपवी नाही, सासू नाही, संकेतस्थळ नाही. युक्ती आहे ती विरोधाभासाची, आणि तीही इतकी सरळ की शास्त्राने तिचे नाव घेतले तरी तिला काही अधिक मिळत नाही. अशा गाथांना अवतरणिका लावू नये.

आता मराठीकडे वळताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. प्राकृतात आणि संस्कृतात 'मी जाते' आणि 'मी जातो' यांत क्रियापदावरून भेद करता येत नाही. म्हणूनच बोलणारा पुरुष की स्त्री हे ठरवायला टीकाकार लागतो. मराठीत वर्तमानकाळाचे पहिले क्रियापद येताच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. आपली प्रेमकविता या व्याकरणाशी सतत खेळत आली आहे. लिंग लपवायचे असेल तर तशी दारेही भाषेत आहेत: 'येईन' या भविष्यकाळात ते कळत नाही, 'पाहिले' या भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते, 'मला वाटले' म्हटले की बोलणारा पडद्याआड राहतो. कवितासंग्रह वाचताना कवीने कुठे 'ते' म्हटले, कुठे 'तो' म्हटले आणि कुठे दोन्ही टाळले, याच्या खुणा करत जाव्यात. फार थोड्या अभ्यासकांनी हे सलगपणे केले असेल, आणि नव्या विद्यार्थ्याला यात भरपूर वाव आहे.

संतांच्या गौळणी आणि विरहिणी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. पुरुष कवी स्त्रीच्या क्रियापदाने बोलतो, आणि ऐकणारा कधी सखी, कधी यशोदा, कधी कावळा. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत शकुन सांगणारा कावळा येतो तेव्हा हालाच्या गाथांमधला कावळा हजाराहून अधिक वर्षे ओलांडून तिथे आलेला असतो. फरक इतकाच की आता वाट पाहायची ती पंढरीच्या रावाची. गौळणीत गवळणी कृष्णाच्या खोड्या यशोदेला सांगतात. तक्रार आईकडे आहे, पण तक्रारीच्या प्रत्येक तपशिलात त्याच्याकडे टक लावून पाहिल्याची कबुली आहे. प्रेमाची कबुली तक्रारीच्या वेषात देणे ही सुनेच्या त्या सूचनेचीच बहीण म्हणावी अशी युक्ती आहे.

लावणीत हा खेळ सर्वांत गुंतागुंतीचा होतो. शाहीर पुरुष, नायिका स्त्री, गाणारी स्त्री, बैठक पुरुषांची. राम जोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या काळात फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडी परतत. लावणीतली स्वारीवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई त्या वेळापत्रकात उभी आहे. तिचे बोलणे घरधन्याला उद्देशून आहे, पण ते ऐकतो समोर बसलेला रसिक, आणि बैठकीच्या लावणीत अदाकारी करणारी ते बोल नजरेने त्या रसिकाकडे वळवते. त्यामुळे 'तुम्ही' या एका सर्वनामात दोन माणसे बसतात. पुढे पठ्ठे बापूरावांची लावणी पवळाबाईंच्या गळ्यातून लोकांपुढे आली तेव्हा 'मी' या शब्दातही दोन माणसे बसली. लावणीवर आपल्याकडे नीतीच्या अंगाने बोलून झाले, सादरीकरणाच्या अंगाने बोलून झाले. तिच्या एकेका कडव्याला गंगाधराने लावली तशी अवतरणिका लावून पाहण्याचे काम पुष्कळ उरले आहे, आणि ते व्हावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

अण्णाभाऊ साठ्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एक छक्कड रचली. मुंबईला पोट भरायला आलेला गडी गावी राहिलेल्या मैनेची आठवण काढतो, तिच्या रूपाचे वर्णन परंपरेच्या सगळ्या उपमांनी करतो, आणि मग त्या ताटातुटीला बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावच्या ताटातुटीशी नेऊन जोडतो. तो मैनेबद्दल बोलतो, पण मैना तिथे नाही. आहे ती हजारोंची सभा. विरहाच्या कवितेत तिसरा माणूस आजवर पहाऱ्याला होता. इथे त्यालाच मुख्य श्रोता करून टाकले आहे. विरहशृंगाराच्या सामग्रीने राजकीय कविता कशी उभी राहते याचा याहून चांगला नमुना मराठीत मला ठाऊक नाही.

आणि उखाणा विसरता कामा नये. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही हा नियम, आणि चारचौघींनी आग्रह केला की ते घ्यावेच लागते ही रीत. मग चांदीचे ताट, देव्हारा, तुळस, ऋतू यांच्या आडून यमकावर स्वार होऊन नाव येते. पहारा, आडपडदा, ऐकणाऱ्या बाया, आणि शेवटी उघड झालेले नाव: प्रेमकवितेचे सगळे अवयव दोन ओळींत. याला साहित्य म्हणायचे की नाही हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही.

गझलेबद्दल थोडक्यात. माधव जूलियन फार्सीचे जाणते होते. त्यांची 'गज्जलांजलि' 1933ची. फार्सीत व्याकरणाला लिंगच नाही, त्यामुळे तिथला प्रिय हा स्त्री, पुरुष, राजा, ईश्वर असा कोणीही असू शकतो. मराठीत गझल आणताना हे धुके राखणे कठीण, कारण विशेषण आणि क्रियापद दर पावलाला लिंग मागतात. सुरेश भटांनी पुढे गझल मराठीत रुजवली ती या अडचणीसकट. त्यांच्या कवितेत प्रियेशी बोलता बोलता आवाज जगाशी, काळाशी, जमावाशी बोलू लागतो. ते धुके व्याकरणाने नाकारले तरी ऐकणारा बदलून परत मिळवता येते असे मला त्यातून दिसते.

इंदिरा संतांपाशी मात्र थांबावेच लागते. 'शेला' 1951, 'मेंदी' 1955, 'मृगजळ' 1957. त्यांचे पती ना. मा. संत 1946 साली गेले होते, आणि या संग्रहांमधला 'तू' वाचकांनी लगेच ओळखला. आधुनिक वाचकाची अवतरणिका म्हणजे चरित्र. गंगाधर म्हणे, सखी नायकाला सांगते. आपण म्हणतो, विधवा पतीला सांगते. दोन्हीकडे कविता कळायला मदत होते आणि दोन्हीकडे ती एका अर्थात बंद होण्याचा धोका असतो. इंदिराबाईंच्या कवितेत कितीदा तरी बोलणे पावसाशी, संध्याकाळीशी, घरातल्या वस्तूंशी चालते, आणि 'तू' या शब्दात माणूस, ऋतू आणि स्वतःचे मन यांतले नेमके कोण हे मुद्दाम सैल ठेवलेले असते. अनिलांच्या 'फुलवाती'ची (1932) गोष्टही अशीच. 'कुसुमानिल' हा त्यांचा आणि कुसुमावतींचा पत्रव्यवहार 1972 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर त्यांच्या प्रेमकविता त्या पत्रांवाचून वाचणे अवघड झाले. पत्रे वाचावीत, अपूर्व आहेत. पण एकदा तरी ती बाजूला ठेवून कविता वाचावी.

स्त्रीच्या आवाजामागे स्त्री किती, हा प्रश्न हालापासूनचा आहे. गाथांच्या कर्त्यांची नावे हस्तलिखितांनी आणि टीकांनी जपली, त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा अशी स्त्रियांची नावे आहेत. त्यांच्या गाथा इतरांहून वेगळ्या लागतात का, हे प्रत्येकाने स्वतः वाचून ठरवावे. ज्ञानेश्वरांपासून शाहिरांपर्यंत पुरुषांनी स्त्रीचे क्रियापद वापरले, म्हणून ती कविता खोटी ठरत नाही. पण इंदिरा संतांनी तेच क्रियापद वापरले तेव्हा त्याचे वजन बदलले, हेही नाकारता येणार नाही.

सुरुवात कुठून करावी? आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने 1870 आणि 1881 साली गाथासप्तशती संपादून जगापुढे आणली. मुंबईच्या निर्णयसागराने 1889 साली काव्यमालेत गंगाधराच्या टीकेसह ती छापली. मराठी वाचकासाठी स. आ. जोगळेकरांची 1956ची आवृत्ती हे खरे प्रवेशद्वार आहे. तिची प्रस्तावनाच एक स्वतंत्र ग्रंथ म्हणावी अशी आहे. गाथा मोठ्याने वाचावी, मात्रा मोजाव्यात, अर्थ पाहावा, आणि अवतरणिका हाताने झाकून आधी स्वतःची लावून पाहावी.

पहिल्या सरावाला पाणपोईची गाथा घ्यावी. वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे. डोळे वर, आणि बोटे सैल केलेली, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणे संपणार नाही. पाणी घालणारी मुलगीही धार बारीक, आणखी बारीक करत जाते. दोघे एक शब्द बोलत नाहीत. त्यामुळे आपला पहिलाच प्रश्न अडतो: इथे बोलते कोण? पाहणारे कोणीतरी जवळ आहे, आणि ते कोण हे गाथेने सांगितलेले नाही. मुलीची मैत्रीण असेल तर सूर थट्टेचा. मागे तहानलेला उभा असलेला दुसरा वाटसरू असेल तर त्रासाचा, आणि कदाचित थोड्या हेव्याचाही. गावातली म्हातारी असेल तर चहाडी होईल, किंवा तिला तिची पाणपोई आठवली असेल. एकेक अवतरणिका लावून गाथा पुन्हा मोठ्याने वाचा, आणि कुठल्या वेळी आवाज कुठे बदलतो ते टिपून ठेवा.